पाथरीचे ज्योतिषी व रेणूंची जुळणी

परभणी जिल्ह्यांतील पाथरी हें गांव गोदावरीच्या उत्तरेस आहे. जुन्या ग्रंथांतील पार्थपूर तें हेंच, असें अभ्यासक मानतात. येथील ज्ञानराजानें शके १४२५ मध्यें, म्हणजे इ. स. १५०३ त, ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचिला. त्याचा पुत्र सूर्यदास यानें भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ मध्यें व ‘लीलावती’वर १५४१ मध्यें टीका लिहिली. ग्रहगति मोजणाऱ्या या विद्येचा आजच्या रसायनशास्त्राशीं संबंध तो काय, असें कोणासहि वाटेल.

१९६० सालीं केंड्र्यू यांनीं देवमाशाच्या स्नायूंतील मायोग्लोबिनची व पेरुट्झ यांनीं घोड्याच्या रक्तांतील हिमोग्लोबिनची घडण प्रसिद्ध केली. दोहोंतील साखळ्यांचीं वळणें विलक्षण सारखीं निघालीं. परंतु सारखीं म्हणजे किती? श्रोत्यांनीं निरनिराळ्या दिशांना तोंड करून ठेविलेल्या दोन मूर्ति कल्पाव्या. त्यांची तुलना करतांना डोळा फसतो. म्हणून प्रथम दोन्ही रेणूंचे मध्यबिंदु एकत्र आणतात. मग एक रेणु असा फिरवितात कीं, जोडीजोडीच्या अणूंमधील अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान व्हावी. हें फिरविणें नऊ अंकांच्या सारणींत मांडतां येतें. सर्वांत योग्य सारणी थेट गणितानें काढण्याची एक रीत वोल्फगांग काब्श यांनीं १९७६ मध्यें प्रसिद्ध केली.

या सारणीचें मूलद्रव्य म्हणजे ज्या व कोटिज्या. एकाच आंसाभोंवतीं लागोपाठ दोन वळणें दिल्यास एकूण वळणाची ज्या कशी काढावी? प्रत्येकाची ज्या दुसऱ्याच्या कोटिज्येनें गुणावी, दोन्ही गुणाकारांची बेरीज करावी व ती त्रिज्येनें भागावी. हा नियम भास्कराचार्यांनीं ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त दिलेला आहे.

येथें एक धोका संभवतो. डावा हात कितीहि फिरविला तरी उजवा होत नाहीं. परंतु नुसत्या किमान बेरजेच्या मागें लागल्यास गणित कधीं आरशांतील प्रतिमाच पुढें करतें. तें सारणीच्या निश्चयकाचें चिन्ह पाहून टाळावें लागतें. सूर्यदासाचें ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सरळ वाचलें तर रामकथा, उलट वाचलें तर कृष्णकथा! अक्षरें तींच, क्रम उलटतांच नायक बदलतो. रेणूचेंहि तसेंच. अणु तेच असले, तरी उजव्याचें डावें झालें कीं पदार्थ निराळा होऊं शकतो.

पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें, असें म्हणणारे पुष्कळ. त्यांना कांहींच ठाऊक नव्हतें, असें म्हणणारेहि थोडे नाहींत. रेणूंचें नातें ज्या रीतीनें मोजतात, त्याच रीतीनें पाथरीचें व आधुनिक शास्त्राचें नातें मोजावें. ज्येचा नियम तंतोतंत जुळतो. सारणी मात्र १९ व्या शतकांतील युरोपची. ती जुळत नाहीं.