खोडदची रेडिओ दुर्बीण आणि स्वस्त हार्डवेअर

जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची वेधशाळा आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात दाटीने उभ्या आहेत, तर उरलेल्या १६ तीन भुजांवर पसरल्या आहेत. टोकाच्या अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किमी. आहे. दुर्बिणीच्या खगोलशास्त्रीय कामगिरीचा आढावा या नोंदीत घेतलेला नाही. कमी पैशांत मिळणाऱ्या यंत्रसामग्रीशी तिचा जो दुहेरी संबंध आहे, तेवढाच येथे विचारात घेतला आहे.

काटकसरीची ही परंपरा खोडदच्या आधीची आहे. दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ देशातील पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली, ती जुन्या मालातून. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे वापरून झालेल्या सहा फुटी ३२ थाळ्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या होत्या आणि काही वर्षे त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पडून होत्या. त्याच कल्याणला आणून सूर्याच्या निरीक्षणासाठी जुळवल्या गेल्या. खोडदच्या अँटेनांना पत्र्याचा पृष्ठभाग नाही. पोलादी चौकटींमध्ये ताणलेल्या तारदोरांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवलेली आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीची छिद्रे दिसतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका करता आला आणि खर्च उतरला. दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी जगभरच्या संशोधकांसाठी खुली करण्यात आली.

हौशी हार्डवेअरवाल्यांच्या दृष्टीने खरा रस आहे तो दुर्बिणीच्या संगणकात. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार सतत करत राहावा लागतो. हे काम करणाऱ्या यंत्राला सहसंबंधक म्हणतात. सुरुवातीचा सहसंबंधक याच कामासाठी घडवलेल्या खास चिपांवर चाले. पुढे केंद्रातील मंडळींनी त्याच्या जागी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची रचना आणली. साध्या पीसीआय खाचेत बसणारी ॲनालॉग-डिजिटल कार्डे, लिनक्सवर चालणाऱ्या ४८ संगणकांचा समूह आणि त्यांना जोडणारे दुहेरी गिगाबिट इथरनेट, एवढ्यावर ती उभी राहिली. २०१० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले.

यातील अडचण संगणकाच्या वेगाची कमी आणि वाहतुकीची जास्त होती. ३३ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा नोंदवायचा तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक अँटेनाकडून दोन संकेत येतात. म्हणजे एकूण ६० संकेतांचे सेकंदाला जवळपास ४०० कोटी नमुने झाले. एका गिगाबिट तारेतून सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा जास्त माहिती जाऊच शकत नाही, म्हणून जोडण्या दुहेरी. उपाय असा की काळाचे तुकडे पाडायचे, एका तुकड्यातील सर्व अँटेनांची माहिती एकाच संगणकाकडे पाठवायची आणि पुढचा तुकडा पुढच्या संगणकाला द्यायचा. खास चिपेत गणित कोरलेले असते, ते बदलायचे तर नवी चिप घडवावी लागते. येथे प्रोग्राम बदलला की भागते. बचतीपेक्षाही हा लाभ मोठा मानला पाहिजे. नंतरच्या सुधारित दुर्बिणीत पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला, तेव्हा गुणाकाराचे काम ग्राफिक्स कार्डांकडे गेले. खेळांच्या शौकिनांमुळे वाढलेल्या बाजारपेठेने खगोलशास्त्राला केलेली ही मदत क्वचितच कोणी उल्लेखते.

याच मार्गाची छोटी आवृत्ती घरीही जमते. छपरावरून उतरवलेली डीटीएचची थाळी, तिच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी हा ग्राही आणि केबलवाल्याकडचा, संकेताची तीव्रता काट्यावर दाखवणारा सॅटफाइंडर एवढ्यावर सूर्याचा रेडिओ प्रकाश मोजता येतो. थाळी सूर्याकडे वळवली की काटा चढतो. आकाशगंगेतील हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा पकडण्यासाठी पुठ्ठ्याला ॲल्युमिनियमचा कागद चिकटवून केलेला कर्णा, कमी गोंगाटाचा प्रवर्धक आणि दूरचित्रवाणीसाठी बनलेला आरटीएल-एसडीआर डोंगल पुरतो. प्रवर्धकात मात्र कंजूषी करू नये, बाकी सर्वांत करावी. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. शेजारच्या शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे हाताने उपकरणे घडवण्याच्या कार्यशाळांपैकी, एक तेथे उभी राहिली. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनात शाळा-महाविद्यालयांतील मुले स्वतः केलेली उपकरणे मांडतात.

दुसरी बाजू उपद्रवाची. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ शांतता पाहून ही जागा निवडली गेली. त्या शांततेसाठी जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात नव्या उद्योगांवर निर्बंध आले. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा नियोजित मार्गही दुर्बिणीमुळे बदलण्याचे ठरले आणि त्यावरून स्थानिकांत नाराजी आहे. ही नाराजी गैर म्हणता येत नाही. त्रास मात्र केवळ कारखान्यांचा किंवा आगगाडीचा नसतो. गाळणी न बसवलेला स्वस्त चार्जर किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो-जोडतो आणि त्याचा गोंगाट रेडिओ पट्ट्यात पसरतो. शेतातील मोटर दुरून चालवणारी ४३३ मेगाहर्ट्झची यंत्रे दुर्बिणीच्या २५० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात थेट बोलतात. डीटीएचच्या एलएनबीतून उतरणारा ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा संकेत तिच्या सर्वांत वरच्या पट्ट्यावर पडतो, त्यामुळे सैल कनेक्टर आणि उघडी केबल येथे साधी गोष्ट राहत नाही. दुर्बिणीचे स्वतःचे संगणकही गोंगाट करतात, म्हणून ते धातूने मढवलेल्या बंदिस्त खोलीत ठेवावे लागतात.

म्हणून जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत हौसेने प्रयोग करणाऱ्याने केवळ संकेत ग्रहण करणारी उपकरणे खुशाल जोडावीत, प्रक्षेपक टाळावा, आणि स्विचिंग पुरवठा घेताना चार पैसे जास्त देऊन आत गाळणी असलेला घ्यावा.