दातांवरचा डाग आणि दातांतला रंग

पांढरेशुभ्र दात हीच सौंदर्याची खूण, असे सर्वत्र आणि सर्व काळी मानले गेलेले नाही. जपानमध्ये स्त्रिया लोहक्षार आणि टॅनिन यांच्या मिश्रणाने दात काळे करीत, तर महाराष्ट्रात सवाष्णी त्यासाठी दातवण लावीत. पुढे आवड बदलली आणि दात पांढरे करणे हे दंतवैद्यकाचे एक काम होऊन बसले. आज त्यासाठी दोन वाटा आहेत, दवाखान्यातली आणि घरची. यांतली चांगली कोणती, हा प्रश्न वरच्या वर्गातले विद्यार्थीही विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर या उपायांच्या इतिहासात सापडते.

त्याआधी दाताची रचना आठवू या. दाताचे बाहेरचे आवरण एनॅमलचे, म्हणजे दंतवल्काचे असते. त्याच्या वजनात सुमारे ९६ टक्के वाटा खनिजाचा असून ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचे आहे. हे आवरण अर्धपारदर्शक असते. दात पिवळसर दिसतो तो आतल्या दंतिनाच्या थरामुळे. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे एकदा झिजलेले एनॅमल पुन्हा वाढत नाही. यातून एक गमतीची, पण गंभीर गोष्ट निघते. पांढरेपणासाठी दात फार घासले, तर एनॅमल पातळ होते, दंतिन अधिक दिसू लागते आणि दात पूर्वीपेक्षा पिवळे दिसतात!

आम्लाकडून ऑक्सिजनकडे

एकोणिसाव्या शतकातल्या दंतवैद्यांनी हाताशी असलेली रसायने वापरून पाहिली. १८६४ मध्ये ट्रूमन यांनी निर्जीव झालेल्या दातांसाठी क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आपली विरंजक भुकटी वापरली. १८७७ मध्ये चॅपल यांनी ऑक्झॅलिक आम्लाचा उपयोग सांगितला. आम्लाने डाग जातो, पण बरोबर एनॅमलचा थरही जातो. भिंतीवरचा डाग काढण्यासाठी गिलावा खरवडावा, तसा हा प्रकार.

हायड्रोजन पेरॉक्साइड १८१८ मध्येच फ्रेंच रसायनज्ञ तेनार यांनी शोधले होते. दातांसाठी त्याचा वापर १८८४ मध्ये हार्लन यांनी नोंदवला. या रेणूचे वजन अवघे ३४. तो एनॅमलमधून झिरपून दंतिनापर्यंत पोचतो. रंगीत सेंद्रिय रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि तीच प्रकाश शोषते. पेरॉक्साइडपासून निघणारे क्रियाशील कण ही साखळी तोडतात. रेणूचे तुकडे उरतात, पण रंग उरत नाही. खनिज खरवडण्याची गरज राहत नाही. १९१८ मध्ये अ‍ॅबट यांनी तीव्र पेरॉक्साइडला प्रखर प्रकाशाची जोड दिली. आजच्या दवाखान्यातील पद्धतीचा तो आराखडा होता.

योगायोगाने घरी

घरच्या पद्धतीचा जन्मही दवाखान्यातच झाला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात बिल क्लुस्मायर हे वाकडे दात सरळ करणारे दंतवैद्य काम करीत. हिरड्यांची सूज उतरावी म्हणून त्यांनी रुग्णांना १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड साच्यात घालून रात्रभर दातांवर ठेवायला सांगितले. हिरड्या सुधारल्याच, शिवाय दातही उजळले! ही गोष्ट दंतवैद्यांमध्ये तोंडोतोंडी पसरत राहिली. अखेर १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन यांनी या पद्धतीचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर दुकानांत जेल आणि पट्ट्या आल्या.

आता तुलना सोपी होते. दोन्हीकडे औषध एकच. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. दवाखान्यात ते २५ ते ४० टक्के असते. त्यामुळे घरी दोन ते सहा आठवडे लागतात, तर दवाखान्यात तासाभरात फरक दिसतो. मात्र त्या पहिल्या चमकेचा काही भाग दात कोरडे पडल्यामुळे असतो आणि तो लवकरच ओसरतो. विशेष दिव्याने टिकाऊ जादा लाभ होतो, असेही अभ्यासांच्या आढाव्यांत दिसलेले नाही. दातांना शिणशिण दोन्हीकडे होऊ शकते, पण तीव्र द्रावणाने ती अधिक होते आणि हिरडी झाकली नाही तर भाजते. युरोपीय संघाने २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक पेरॉक्साइड असलेली उत्पादने ग्राहकांना थेट विकण्यास बंदी केली. ६ टक्क्यांपर्यंतची उत्पादने दंतवैद्यामार्फतच मिळतात, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी ती वापरता येत नाहीत.

लिंबू, कोळसा, मीठ यांचे घरगुती उपाय मात्र या तुलनेत बसतच नाहीत. ते आम्लाच्या आणि खरवडण्याच्या जुन्या वाटेवरचे आहेत.

कोलोरॅडोचा धडा

दंतवैद्याचे खरे काम औषध लावण्याच्या आधीचे आहे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आले, तेव्हा तेथील अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग त्यांना दिसले. पुढे त्याच गावात आम्लाने हे डाग काढण्याचे प्रयोगही झाले. मॅके मात्र, डाग पडतात का, याचा शोध घेत राहिले. १९०९ पासून जी. व्ही. ब्लॅक यांची त्यांना साथ मिळाली. हा दोष दात घडत असतानाच शिरतो, हे त्या दोघांनी दाखवले. १९३१ मध्ये रसायनज्ञ चर्चिल यांना त्याचे कारण पिण्याच्या पाण्यात सापडले. ते होते फ्लोराइड.

यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे. तेथल्या मुलांच्या दातांवरचे डाग घासून जात नाहीत, कारण ते दाताच्या घडणीतच असतात. अशा मुलाला 'दात नीट घासत जा' म्हणून ओरडणे हा अन्यायच. तपासायला हवे ते गावचे पाणी. डाग चहाचा, मिश्रीचा, किडीचा, लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिनचा की फ्लोराइडचा, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरल्यावर घर की दवाखाना, याचा निर्णय अवघड राहत नाही.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. अंड्याच्या कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात टाका. बुडबुडे येतील आणि कवच हळूहळू पातळ होईल. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, दात कॅल्शियम फॉस्फेटचा. दातावर बुडबुडे दिसणार नाहीत. झीज मात्र होतच असते. न दिसणारी ही झीज विद्यार्थ्यांच्या लक्षात आली, की लिंबू चोळायला हात सहसा उचलणार नाही.