ठरलेला सौदा विक्रेत्याने मोडला तर...

जुनी दुचाकी, सागवानी कपाट, वापरलेला कॅमेरा किंवा मोबाइल संच. इंटरनेटवरील छोट्या जाहिरातींमुळे अशा वस्तूंचे व्यवहार घरबसल्या ठरू लागले आहेत. भाव ठरतो, विक्रेता ‘पक्के’ असे कळवतो, ग्राहक टेम्पोही सांगून ठेवतो आणि ऐनवेळी उत्तर येते, ‘दुसऱ्याने जास्त पैसे दिले, वस्तू गेली.’ लेखी काही नव्हते, विसारही दिला नव्हता, म्हणून ग्राहक गप्प बसतो. कायद्याच्या दृष्टीने ही समजूत चुकीची आहे.

जाहिरात म्हणजे करार नव्हे

नुसती जाहिरात विक्रेत्याला बांधत नाही. ते केवळ प्रस्ताव देण्याचे आमंत्रण असते. इंग्लंडमध्ये १९६८ साली पक्षीविक्रीच्या एका छोट्या जाहिरातीबाबत न्यायालयाने हेच म्हटले होते आणि भारतातही हे तत्त्व मानले जाते. त्यामुळे पहिल्या ग्राहकाला नकार देण्यास किंवा किंमत वाढविण्यास विक्रेता मोकळा असतो. ‘विचार करून सांगतो’ हाही होकार नव्हे.

ग्राहकाने भाव सांगितला आणि विक्रेत्याने तो मान्य केल्याचे कळविले, की चित्र बदलते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार प्रस्ताव मागे घेण्याची मुभा स्वीकृती पूर्ण होईपर्यंतच असते. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ५ नुसार विक्रीचा करार तोंडीही होऊ शकतो. विसार हा सौद्याचा पुरावा ठरतो. मात्र त्याच्यावाचून करार होतच नाही, असे नाही. संदेशांच्या देवाणघेवाणीतून झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे अवैध ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०-अ सांगते.

काय मागता येते?

मालविक्री कायद्याच्या कलम ५७ नुसार नुकसानभरपाई मागता येते. कॅमेरा १२ हजारांना ठरला आणि तसाच कॅमेरा बाजारात १५ हजारांना घ्यावा लागला, तर फरकाचे तीन हजार रुपये हे साधारण नुकसान. दिलेला विसार अर्थातच परत मागता येतो. कलम ५८ नुसार ठरलेली वस्तूच देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. मात्र सौद्याची माहिती नसलेल्या दुसऱ्या प्रामाणिक खरेदीदाराच्या ताब्यात वस्तू गेली असेल, तर बहुधा भरपाईवरच समाधान मानावे लागते.

ऑस्ट्रेलियातील एक निकाल याबाबत बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बनावटीचे ‘विरावे’ विमान इंटरनेटवरील लिलावात दीड लाख डॉलरला गेले होते. बाहेर एक लाख डॉलर जास्त मिळत असल्याने मालकाने शब्द फिरवला. न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये विमान लिलावातील खरेदीदारालाच देण्याचा आदेश दिला.

मर्यादा कोणत्या?

घरातील जुनी वस्तू एखाद्या वेळी विकणारी व्यक्ती व्यापारी ठरत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतूनही अशा व्यक्ती वगळल्या आहेत. त्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा बंद असतो आणि दिवाणी न्यायालयाकडे वळावे लागते. दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षे आहे. मात्र काही हजारांच्या वस्तूसाठी खर्च आणि वेळ परवडतोच असे नाही. अशा वेळी वकिलामार्फत नोटीस पाठविणे हा व्यवहार्य उपाय ठरतो.

शब्द फिरवणे म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासूनच फसविण्याचा हेतू असेल तरच तो गुन्हा होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. नसलेल्या वस्तूसाठी विसार उकळला गेला असेल, तर १९३० या हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी.

सौदा ठरताना हे पाहा

* वस्तू, किंमत, ताबा देण्याची तारीख आणि ‘मान्य आहे’ हा होकार एकाच संदेशात घ्यावा.
* फोनवर ठरले असल्यास लगेच संदेश पाठवून दुजोरा मिळवावा.
* विसार दिल्यास पोच घ्यावी आणि सौदा मोडल्यास काय, हेही लिहून घ्यावे.
* मूळ संदेश पुसू नयेत. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.
* वस्तू ताब्यात येईपर्यंत आपली जुनी वस्तू विकण्याची घाई करू नये.