एक किल्ली, दोन कामे

भर बाजारात मोठ्याने बोलून दोन अनोळखी माणसांना आपसात असे गुपित ठरवता येईल काय, की जे ऐकणाऱ्या कोणालाच कळू नये? 1976 साली अमेरिकेत डिफी व हेलमन यांनी गणिताने दाखवून दिले की, येईल. मात्र समोरचा माणूस खरा की तोतया, हे त्या रीतीतून कळत नाही. त्यासाठी सही हवी.

पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांची आरएसए पद्धत निघाली. तिच्यात किल्ल्यांच्या एकाच जोडीने सहीही होई आणि लखोटाही बंद करता येई. 1995 साली नेटस्केप कंपनीने संगणकांच्या गुप्त संभाषणाचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा हीच सोय हाताशी धरली. दुकानाचे प्रमाणपत्र पाहावे, त्यातल्या उघड किल्लीने गुपित लखोट्यात घालावे आणि धाडून द्यावे. ओळखही पटली, कामही झाले!

1994 साली अमेरिकन सरकारने मान्य केलेल्या डीएसए किल्लीला मात्र नुसती सहीच करता येत असे. अशा प्रमाणपत्राला डिफी-हेलमन रीतीचीच सोबत लागे. दोघांची पत्रिका जुळली तर संभाषण, नाहीतर तिथेच नकार. 1999 च्या नियमांत सक्ती होती ती याच जोडीची. आरएसएचे पेटंट तेव्हा अजून जिवंत होते. तरी व्यवहाराने आरएसएलाच पसंती दिली. सोय ही मोठी मोहिनी असते.

पण त्या सोयीत एक घात दडलेला होता. कोणी बंद लखोटे वर्षानुवर्षे नुसते साठवून ठेवले आणि पुढे दुकानाची खाजगी किल्ली चोरली, तर मागचा सारा पत्रव्यवहार एका दिवसात उघडा! 2014 साली ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ या दोषातून अशा किल्ल्या खरोखरच निसटू शकतात, हे सिद्ध झाले. डिफी-हेलमनची किल्ली दर संभाषणाला ताजी करून टाकून देता येते; मग सहीची किल्ली चोरून चोराला पुढे सोंग घेता येईल, मागचे वाचता येणार नाही.

2018 च्या टीएलएस 1.3 ने ही दोन कामे निराळी केली. आरएसए प्रमाणपत्र राहिले, पण केवळ सहीपुरते. पत्रिका जुळवण्याचा जुना खटाटोप त्याबरोबर संपला. हे सुखासुखी झाले नाही. आपल्याच जाळ्यातील रहदारी आम्हांला तपासता येणार नाही, असा आक्षेप 2016 साली वित्तसंस्थांच्या बाजूने आला होता. नियमकर्त्यांनी तो ऐकून घेतला, आणि लखोट्याची वाट बंदच ठेवली.