जुना गेमिंग संगणक : आधी काय बदलावे?

संगणकावर गेम खेळले जातात अशा घरांत दर पाच-सहा वर्षांनी एक प्रसंग ठरलेला असतो. नवा गेम येतो, चिरंजीव तो उतरवून घेतात आणि पडद्यावरील चित्र अडखळू लागते. ‘बाबा, ग्राफिक्स कार्ड बदलावे लागेल,’ असा निकाल त्याच संध्याकाळी जाहीर होतो. पुढच्या शनिवारी ही जोडी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एखाद्या काउंटरपाशी उभी असते. कार्ड येते, पैसे जातात. गेम मात्र पूर्वीसारखाच अडखळतो, असे अनेकदा घडते. दोष कार्डाचा नसतो. खरी अडवणूक करणारा भाग कॅबिनेटमध्ये जसाच्या तसा राहिलेला असतो.

प्रस्तुत प्रतिनिधीने हा धडा पैसे मोजूनच घेतला आहे. २०१७ साली जुळवून घेतलेला घरचा संगणक त्या काळी बरा म्हणावा असा होता : इंटेलचा कोअर आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड. २०२३ मध्ये जुने कार्ड काढून आरटीएक्स ३०६० बसवले. चित्र देखणे झाले, पण दर काही सेकंदांनी बसणारे धक्के कायम राहिले. शिवाय नव्या कार्डाला लागणारी ८ पिनची वीजजोडणी जुन्या एसएमपीएसवर नव्हतीच; दुकानदाराने एक कन्व्हर्टर लावून काम भागवले. तीन आठवड्यांनी ऐन खेळात फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि एसएमपीएसने जाताना मदरबोर्डही सोबत नेला. जुने कार्ड जास्तीत जास्त ७५ वॉट घेत असे, तेही बोर्डाच्या स्लॉटमधूनच. नव्या कार्डाची भूक १७० वॉटची होती. हा साधा हिशेब आधी कोणी मांडला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

आधी मोजमाप, मग खरेदी

कोणता भाग संगणकाला मागे खेचतो आहे, हे शोधायला एक पैसाही लागत नाही. गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबत आहेत, हे विंडोजमधील टास्क मॅनेजर दाखवतो. हेच आकडे खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात हवे असतील तर एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डाचीच आहे, असे खुशाल समजावे. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही गेम अडखळत असेल, तर कार्ड दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत बसले आहे. (गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमवर मर्यादा घातलेली नाही, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.)

येथे एक फसगत होते. प्रोसेसरचा एकूण आकडा ४० टक्के दिसला की ‘प्रोसेसर तर निवांत आहे’ असा समज होतो. प्रत्यक्षात चारपैकी एक कोअर पूर्ण क्षमतेने धावत असतो आणि उरलेले तीन अर्धवट रिकामे असतात. गेमचे मुख्य काम बहुधा एक-दोन कोअरवरच पडत असल्याने तेथेच सारे अडते. याची खातरजमा करण्याची जुनी आणि खात्रीची युक्ती म्हणजे गेममधील रिझोल्युशन मुद्दाम कमी करून पाहणे. १०८०पी वरून ७२०पी वर आल्यावर फ्रेमची संख्या लक्षणीय वाढली, तर ओझे कार्डावर होते. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर थकला आहे; मग कार्डावर कितीही खर्च करा, तो वाया जाणार.

उत्तर गेमनुसारही बदलते, हे ध्यानात ठेवावे. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारखे स्पर्धात्मक खेळ प्रोसेसरची परीक्षा घेतात. सायबरपंक २०७७ किंवा अॅलन वेक २ यांसारखे चित्रमय खेळ कार्डाचा घाम काढतात. घरात प्रत्यक्षात काय खेळले जाते, हा प्रश्न म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी विचारावा.

मोजमाप करतानाच कॅबिनेटचे झाकणही उघडावे. आपल्याकडची धूळ पाच वर्षांत पंख्यांवर आणि हीट सिंकवर गोधडीसारखी बसते. प्रोसेसर वा कार्ड तापले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणहून उतरवते, आणि आपण त्याला म्हातारपण समजतो. ब्लोअरने धूळ काढणे (पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा ती भरमसाट फिरतात) आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे, यांचा खर्च काही शे रुपयांचा आहे. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टात खोचलेली आढळणे किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० हर्ट्झवरच राहिलेला असणे, हे प्रकारही दिसतात तितके दुर्मीळ नाहीत.

एसएमपीएस : दुर्लक्षित पण निर्णायक

फ्रेमची संख्या एकाही अंकाने न वाढवणारा हा भाग कोणालाच विकत घ्यावासा वाटत नाही. तरीही कार्डाला हात लावण्याआधी त्याची तपासणी व्हायलाच हवी. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट असे ठसठशीत छापलेले असले, तरी बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. तेथे १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉटच हाती येतात. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही मुख्यत्वे याच १२ व्होल्टवर जगतात. शिवाय आधुनिक कार्डे क्षणभरासाठी आपल्या नोंदवलेल्या मर्यादेपेक्षा बरीच अधिक वीज ओढतात. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने ५५० वॉटची शिफारस केली होती, ती यामुळेच. ‘८० प्लस’ हे चिन्ह विजेच्या बचतीचे आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे; नामांकित कंपनीचा आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस मात्र पुढच्या दोन संगणकांनाही पुरतो.

घरच्या यूपीएसचेही तसेच. सर्रास वापरला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि त्यातूनच मॉनिटरही चालतो. नवे कार्ड बसवल्यावर वीज जाताक्षणी यूपीएस किंचाळून बंद पडला, तर त्याला दोष देऊ नये.

डिस्क आणि रॅम

संगणक अजूनही फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर करावा, याबाबत फारसे दुमत नाही. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशे एमबी वाचते, साधी सॅटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. मात्र खरा फरक विखुरलेल्या लहान लहान फाइल्स शोधण्यात पडतो. नवे गेम चालता चालता डिस्कवरून दृश्ये उचलत असतात. डिस्क मागे पडली की रस्त्यावरील इमारती उशिरा उगवतात आणि धक्के बसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्डने एसएसडी अनिवार्य केली, आणि सायबरपंकनेही त्याच महिन्यापासून किमान अटींत हार्ड डिस्कला रजा दिली. जुन्या बोर्डावर एनव्हीएमईची जागा नसल्यास खट्टू होण्याचे कारण नाही. गेमसाठी सॅटा आणि एनव्हीएमई यांतील फरक हार्ड डिस्क आणि सॅटा यांतील फरकापुढे किरकोळ आहे.

रॅम आज १६ जीबीपेक्षा कमी नको, आणि तीही दोन पट्ट्यांत हवी. एकच पट्टी असेल तर प्रोसेसरला स्मृतीकडे जाणारा एकच रस्ता मिळतो. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन रस्ते उघडतात. चार खाचांच्या बोर्डावर सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. आमच्या संगणकातील धक्के नव्या बोर्डावर दुसरी ८ जीबीची पट्टी आणि एसएसडी लावल्यावर थांबले. हे दोन्ही मिळून कार्डाच्या किमतीच्या पाव भागातही बसले होते. आता तितके स्वस्तात होणार नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव जगभर भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. हातातील डीडीआर४ पट्ट्या त्यामुळे फेकू नयेत, विकूही नयेत.

कार्ड : मॉनिटर पाहून

इतके झाल्यावर कार्डाचा विचार करावा, आणि तो मॉनिटरकडे पाहून. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि ४के वर ८३ लाखांच्या घरात. साध्या ६० हर्ट्झच्या १०८०पी मॉनिटरपुढे महागडे कार्ड बसवणे म्हणजे गल्लीतल्या फेरीसाठी रेसची मोटार घेण्यासारखे आहे.

जुन्या बोर्डांसाठी एक खाच पाहायला हवी. स्वस्त कार्डे बोर्डाशी कमी मार्गिकांनी जोडली जातात. २०२२ च्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीला चारच मार्गिका आहेत. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर ते ठळकपणे मंदावते. आठ मार्गिकांच्या आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० ला हा त्रास बराच कमी. इंटेलचे आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये आलेले १२ जीबीचे कार्ड कागदावर आकर्षक दिसते. मात्र जुन्या प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी घसरते, हे महिन्याभरातच चाचण्यांत दिसून आले. शिवाय त्याला रिसाइझेबल बार ही सोय बोर्डावर असावी लागते.

कार्ड बदलण्याची खरी निकड वेगामुळे नव्हे, तर दरवाजे बंद झाल्यामुळेही निर्माण होते. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम : द डार्क एजेस हे दोन्ही गेम रे ट्रेसिंगची यंत्रणा नसलेल्या कार्डावर चालण्यासाठी बनवलेलेच नाहीत. जीटीएक्स १०६० सारखी एकेकाळची लोकप्रिय कार्डे येथे बाद ठरतात. एनव्हिडियानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले. सुरक्षाविषयक दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील.

प्रोसेसर आणि बोर्ड

सर्वांत अवघड निर्णय हाच, कारण येथे २०१७ मधील निवडीचे फळ आज मिळते. त्या वर्षी आमच्यासारखा इंटेलचा सातव्या पिढीचा संगणक घेणाऱ्याला त्याच बोर्डावर फार तर कोअर आय७-७७०० पर्यंत जाता येते. म्हणजे कोअर चारच. वर्षअखेर आलेल्या आठव्या पिढीचा सॉकेट नावाने तोच, एलजीए ११५१, असूनही तो प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नाही. अनेकांनी तो आणून परत केला आहे. त्याच वर्षी एएमडीचा रायझन ५ १६०० घेणाऱ्याचे नशीब निराळे. एएम४ सॉकेटच्या अनेक जुन्या बोर्डांना २०२२ पासून बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिका चालते. रायझन ५ ५६०० किंवा गेमसाठी गाजलेला रायझन ७ ५८००एक्स३डी बसवला की संगणकाला पुन्हा काही वर्षे मिळतात. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलची यादी मात्र आधी तपासावी. बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलावा, आणि तेही यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

इंटेलच्या जुन्या बोर्डवाल्यांपुढे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलण्याखेरीज मार्ग नाही. त्यातही डीडीआर४ रॅम घेणारा बोर्ड निवडून कोअर आय५-१२४०० एफसारखा सहा कोअरचा प्रोसेसर घेतला, तर जुन्या पट्ट्या कामी येतात. बोर्ड जळाल्यावर आम्हीही हाच मार्ग धरला, तोही नाइलाजाने. याला विंडोजचेही कारण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठरवलेली आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका व त्यापुढचे प्रोसेसर लागतात. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू असल्याशिवाय उघडतच नाही.

वापरलेले कार्ड घेणाऱ्यांनी दुकानात किंवा विक्रेत्याच्या घरी अर्धा तास एखादा जड गेम चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहावा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे खाणकाम बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली, ती आजही हातोहात फिरत आहेत. अशा कार्डाची बिल आणि उरलेली वॉरंटी मागायला संकोचू नये. जुनी हार्ड डिस्क फोटो साठवायला घरात ठेवावी. जुना एसएमपीएस मात्र धाकट्या भावंडाच्या संगणकात बसवू नये, ई-कचऱ्यात द्यावा.