आम आणि पक्व : इनामगावच्या आव्यासंबंधी एक विचार

माती भाजणे म्हणजे तिच्यातील पाणी घालविणे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती खरी असती, तर उन्हात वाळलेले मडके आणि भाजलेले मडके यांत भेद उरला नसता. मातीच्या कणांमधील ओलावा सुमारे १०० अंश सेल्सिअसला निघून जातो. परंतु तेवढ्याने माती मातीच राहते आणि पाण्यात पडताच तिचा पुन्हा चिखल होतो. सुमारे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मात्र केओलिनसारख्या खनिजांच्या स्फटिकरचनेत बद्ध असलेला जलांश बाहेर पडतो व ती रचनाच मोडते. यानंतर त्या वस्तूची माती होणे नाही. उष्णता आणखी वाढली म्हणजे कणांच्या कडा वितळून ते परस्परांस सांधले जातात.

हा भेद आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखला होता. संस्कृतात न भाजलेले पात्र ‘आम’ व भाजलेले ‘पक्व’. अन्नासही हेच शब्द. कुंभाराची भट्टी ती ‘आपाक’. त्यातील स्वरांमधील ‘प’चा ‘व’ झाला, ‘क’ लोपला आणि मराठीत ‘आवा’ उरला. ‘पक्व’ हा शब्द ‘पिकणे’मध्ये नांदतो आहे, ‘आम’च्या वाट्याला मात्र ‘आंव’ हा पोटाचा विकार तेवढा आला!

शतपथब्राह्मणाच्या सहाव्या कांडात उखा नावाचे पात्र घडविताना मातीत शेळीचे केस व बारीक खडी मिसळावयास सांगितले आहे. विधीचा अर्थ काहीही असो, अशा मिश्रणाने भेगा कमी पडतात हे कुंभाराचेच ज्ञान होय.

महाराष्ट्रापुरते पाहता, १९५०-५१ साली प्रवरेकाठच्या जोर्वे येथे झालेल्या उत्खननामुळे एका ताम्रपाषाणयुगीन मृत्पात्रपरंपरेस ‘जोर्वे’ हे नाव मिळाले. तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी असलेली ही भांडी इतकी उत्तम भाजलेली आहेत की, खापर वाजविले असता धातूसारखा नाद येतो. तांबडा रंग हा भरपूर हवेत भाजलेल्या लोहयुक्त मातीचा. हवा कोंडली असती, तर तीच माती काळवंडली असती. पुढे १९६८ पासून घोडनदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात त्या काळच्या कुंभाराचा आवाही सापडला.

परंतु त्याच गावी एका घराच्या जमिनीखाली मातीची एक झाकणाची पेटी मिळाली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती होती. झाकणावर एक शिरोहीन स्त्रीमूर्ती व एक बैल. हे सारे कच्च्या मातीचे. ओबडधोबड घडणीवरून यास कारागिराची अप्रगती म्हणण्याचा मोह होतो. पण ज्या गावात नाद देणारी पात्रे भाजली जात होती, तेथे एवढीशी मूर्ती आव्यात ठेवणे कोणास अवघड होते? तेव्हा ती आम ठेविली गेली, असेच प्रस्तुत लेखकास वाटते. पूजेपुरती मूर्ती घडवावी आणि मग ती मातीस मिळावी, हा संकेत आपणांस अपरिचित नाही. गणेशचतुर्थीची शाडूची मूर्ती आजही कोणी भाजीत नाही. इनामगावची देवी जमिनीखाली पुरली गेली म्हणूनच आपल्या हाती आली. उघड्यावर राहिलेल्या तिच्या भगिनी किती होत्या, हे खापरांच्या मोजदादीवरून कधीच कळावयाचे नाही.