निदानावर पडलेली सावली

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द रूढ केला; मराठीत आपण या व्याधीस छिन्नमनस्कता म्हणतो. व्याधी खरी, परंतु तिचे निदान कोणाच्या माथी मारावयाचे, हे कित्येकदा समाजाच्या पूर्वग्रहांनी ठरविले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन नियतकालिके छिन्नमनस्क म्हणून गोऱ्या गृहिणीचे चित्र रेखाटीत. साठच्या दशकात कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा पेटला आणि चित्र पालटले. १९६८ साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय पुरुषांच्या संतापास ‘निषेधाचा मनोविकार’ असे नाव दिले. १९७४ साली हॅलोपेरिडॉल या औषधाच्या जाहिरातीत मूठ उगारलेला कृष्णवर्णीय पुरुष झळकला. मिशिगनमधील आयोनिया रुग्णालयाच्या जुन्या नोंदी अभ्यासून जोनाथन मेट्झल यांनी हे स्थित्यंतर ग्रंथरूपाने मांडले आहे.

ज्या भेदाची दखल घ्यावयास हवी होती, त्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. एकच मात्रा घेतली तरी क्लोझापिन वा ओलान्झापिनचे रक्तातील प्रमाण स्त्रियांत बहुधा अधिक भरते. तथापि, प्रजननक्षम स्त्रियांना नव्या औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळावे, ही १९७७ ची अमेरिकन शासकीय सूचना १९९३ पर्यंत टिकून राहिली.

एके ठिकाणी कल्पित भेद रोग ठरला, दुसरीकडे वास्तव भेद नजरेआड झाला. दोहोंची किंमत मोजली ती रुग्णाने. म्हणून निदानाची लेखणी उचलण्यापूर्वी समोरच्या माणसाचे म्हणणे कान देऊन ऐकणे, हाच या इतिहासाचा धडा होय.